फोटोखाली दोन शब्द

आमच्या सोसायटीत परीक्षक नेमण्याची एक सोपी पद्धत आहे. ज्याला त्या विषयातलं काहीही कळत नाही असा माणूस शोधायचा, म्हणजे निकाल आपोआप निःपक्षपाती लागतो. पाककृती स्पर्धेचे परीक्षक गेली चार वर्षं पथ्यावर आहेत. गायनाचे परीक्षक कानातलं यंत्र घरी ठेवून येतात आणि त्यांच्या निकालावर आजवर एकदाही भांडण झालेलं नाही. त्या न्यायाने गणेशोत्सवातल्या ‘फोटोला ओळ सुचवा’ आणि ‘फोटोची करामत’ या दोन स्पर्धांचं परीक्षकपद माझ्याकडे आलं यात नवल नाही. मला विनोद करता येत नाही याबद्दल आमच्या घरात एकमत आहे, आणि मोबाइलवर फोटो आडवा उघडला तर मी मान वाकडी करतो.

तीन वर्षं हे काम केल्यावर मात्र मला वाटू लागलंय की या वाङ्मयप्रकाराची कुणीतरी रीतसर समीक्षा करायला हवी. मराठीत ओवीची झाली, लावणीची झाली, बखरीची झाली. फोटोओळीला मात्र कुणी विचारत नाही. वर्तमानपत्रात ती पोटापुरती असते, ‘उजवीकडून तिसरे उपाध्यक्ष’ एवढं सांगून गप्प बसते. पण स्पर्धेतली फोटोओळ म्हणजे अगदी वेगळं प्रकरण.

आमच्या स्पर्धेची रीत अशी. शनिवारी रात्री नऊला सेक्रेटरी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो टाकतात. रविवारी रात्री नऊपर्यंत ओळ पाठवायची. ओळ एकच, शब्द जास्तीत जास्त बारा. बक्षीस झाकणासकट स्टीलचा डबा. (‘झाकणासकट’ हे नियमावलीत घालावं लागलं, कारण पहिल्या वर्षीच्या विजेत्यांचं त्यावरून लेखी म्हणणं आलं होतं.)

त्या पहिल्या वर्षी फोटो होता मांजराचा. लिफ्टच्या दारावर ‘लिफ्ट नादुरुस्त आहे’ अशी पाटी लटकलेली आणि तिच्याखाली आमचं सार्वजनिक मांजर दाराकडे तोंड करून बसलेलं. एकंदर ६३ ओळी आल्या. त्यातल्या ११ ओळी ‘लिफ्टसमोर मांजर बसले आहे’ या अर्थाच्या होत्या. हा वर्णनपर संप्रदाय. यातली मंडळी बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली असतात, पंचनाम्याची सवय जात नाही. एका गृहस्थांनी मांजराचा रंग, अंदाजे वय आणि शेपटीची दिशासुद्धा कळवली होती. सात-आठ जणांनी संयमावर सुविचार पाठवले होते. त्यांना फोटो दाखवला काय आणि न दाखवला काय! चौघांनी ‘हार्दिक अभिनंदन’ म्हटलं होतं आणि एकाने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. ग्रुपवर फोटो आला की तो वाढदिवसाचा तरी असतो नाहीतर गेलेल्या माणसाचा, तेव्हा निम्मी शक्यता आपल्या बाजूची आहे असा त्यांचा हिशेब असावा.

आणि चांगल्या १९ ओळी बायकोवर होत्या.

हे काय गौडबंगाल आहे ते मला अजून उमगलेलं नाही. फोटोत बाई नाही, पुरुष नाही, संसार नाही. एक मांजर आणि एक पाटी. तरी ‘बायको माहेराहून येणार कळल्यावर नवरा’, ‘बायकोसमोर मी’, ‘लग्नानंतरचा वाघ’ अशी रांगच्या रांग! त्यात चौघे अविवाहित होते. दुसऱ्या वर्षी आम्ही खड्ड्यात रुतलेला पाण्याचा टँकर दिला, तरी बायकोवरच्या ओळी २१ आल्या. मग मी एक प्रयोग केला. मांजराच्या ओळी टँकरखाली लावून पाहिल्या. सगळ्या बसल्या. टँकरच्या मांजराखाली लावल्या. त्याही बसल्या. कॅलेंडरवर एका धरणाचा फोटो होता, त्याच्याखाली दोन्ही वर्षांच्या मिळून ४० ओळी धरून पाहिल्या. एकही हलली नाही.

ही झाली माझी फिरवाफिरवीची कसोटी. ओळ उचलायची आणि दुसऱ्या फोटोखाली ठेवायची. तिथेही ती निवांत बसली तर ती या फोटोची मुळी नव्हतीच, वाटेत भेटलेल्या कुठल्याही घरी जेवायला थांबणारी होती. आता याच विषयावर पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी काय लिहिलं पाहा. ‘हा नवरा नव्हे. नवरा पाटी वाचून पिशव्या माझ्या हातात देतो.’ ही ओळ धरणाखाली ठेवा, बुडते. तिला पाटी हवी, जिना हवा आणि बाजारातून आलेल्या पिशव्या हव्यात, ज्या फोटोत नाहीतच. त्या ओळीतून दिसतात.

डबा मात्र पाचवीतल्या एका मुलीला मिळाला. तिची ओळ होती, ‘पाटी मराठीत आहे, मांजर इंग्लिश मीडियमचं असेल.’ पाटी काढा, ओळ पडली. मांजर काढा, ओळ पडली. दोघांना एकमेकांशी बांधणारा दोरा त्या पोरीला दिसला आणि आम्हां मोठ्यांना दिसला नव्हता. निकालानंतर तीन पालकांनी आक्षेप घेतला की यात इंग्लिश मीडियमचा उपमर्द आहे. आक्षेप इंग्रजीत होता.

असल्या स्पर्धा हा काही आमच्या सोसायटीचा शोध नव्हे. या क्षेत्रातलं काशीक्षेत्र म्हणजे अमेरिकेतलं ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिक. तिथे १९९८ साली वर्षातून एकदा अशी स्पर्धा सुरू झाली आणि २००५ पासून ती दर आठवड्याला होऊ लागली. शेवटच्या पानावर ओळ नसलेलं व्यंगचित्र छापतात, हजारांनी ओळी येतात, त्यातून तीन निवडल्या जातात आणि कौल वाचक देतात. बक्षिसात डबा नसतो. तरीही लोक इरेला पडतात. रॉजर ईबर्ट म्हणजे कोण माणूस! सिनेमाच्या समीक्षेसाठी १९७५ साली पुलित्झर मिळवलेला. त्याच्या एका शब्दावर चित्रपटांचं भलंबुरं व्हायचं. पण या गृहस्थाने शंभरावर वेळा ओळ पाठवली आणि शंभरावर वेळा ती परत कचऱ्यात गेली. अखेर २०११ साली तो जिंकला. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेमुळे २००६ पासून त्याची वाचा गेलेली होती. बोलता न येणारा माणूस दर आठवड्याला चित्रातल्या कुणाच्या तरी तोंडी वाक्य घालत बसायचा, हे मी वाचलं तेव्हा डब्याच्या झाकणावरून झालेला पत्रव्यवहार मला जरा फारच किरकोळ वाटला.

त्या व्यंगचित्रांची एक सोय असते. चित्रकाराने विसंगती आधीच मांडून ठेवलेली असते. एखाद्याचं तोंड उघडं काढलेलं असतं, म्हणजे बोलणारा तोच हे ठरलेलं. आपल्याकडे ‘आवाज’च्या दिवाळी अंकातल्या खिडक्या आठवा. बाहेरून काहीतरी चावट दिसायचं, खिडकी उघडली की आत निरुपद्रवी प्रकार, आणि वाचकालाच आपल्या मनाची लाज वाटायची. तिथेही सगळा घाट चित्रकाराने घातलेला. फसवलं जायचं ते फक्त आपण. मूळ चित्रातल्या माणसाला काही सोसावं लागत नव्हतं, कारण तो कागदाचा होता.

फोटोतला माणूस कागदाचा नसतो. आणि आमच्या तिसऱ्या वर्षीची स्पर्धा नेमकी तिथेच अडकली.

सेक्रेटरींनी त्या शनिवारी फोटो टाकला तो आमच्या वॉचमनचा. खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागलेली, मान मागे टाकलेली, तोंड उघडं, हातात दांडकं, आणि डोक्यावर भिंतीवर रंगवलेलं ‘२४ तास सुरक्षा’. असा आयता फोटो मिळाला की ओळ लिहिणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. दोन तासांत ९० ओळी! ‘कुंभकर्ण सिक्युरिटी’ एकट्या बारा जणांना सुचलं. ‘चोरांनी कृपया बेल वाजवू नये’ ही त्यातल्या त्यात बरी. मी एरवी अशा ओळीला दहापैकी सात गुण देतो. पण वॉचमन काही आमच्या ग्रुपवर नव्हता. ज्याच्यावर ९० जण बोलत होते त्याला एकदाही बोलायची सोय नव्हती, आणि मी ते सेक्रेटरींना फोन करून सांगितलंही. ते म्हणाले, ‘अहो, गंमत आहे. तुम्ही गुण द्या.’

गंमत किती, ते दहा वाजता कळलं. चेअरमनसाहेबांनी ओळ पाठवली नाही, सूचना पाठवली. ‘असा माणूस ठेवावा का, हा विषय सोमवारच्या मीटिंगला घेण्यात यावा.’ त्याखाली २६ अंगठे उमटले. झाली की नाही स्पर्धा! ओळ सुचवता सुचवता एका माणसाची नोकरी कार्यक्रमपत्रिकेवर आली.

साडेदहाच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरांची ओळ आली. त्या सरकारी हॉस्पिटलात नर्स आहेत, त्या आठवड्यात त्यांना रात्रपाळी होती, वॉर्डातून पाठवली असणार. ओळ चार शब्दांची.

‘बदली अजून आलेला नाही.’

ग्रुप गप्प झाला. मग कुणीतरी विचारलं, ‘म्हणजे?’ सिस्टरांनी कळवलं की त्या काल रात्री ड्यूटीवर निघाल्या तेव्हा दारात हाच होता, सकाळी परतल्या तेव्हा हाच होता आणि आज रात्री निघतानाही हाच. फोटो दुपारचा आहे. म्हणजे तो तेव्हा सलग तिसऱ्या पाळीत होता.

पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपवर मी कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. एकामागून एक ओळी पुसल्या जाऊ लागल्या. जिथे विनोद होते तिथे ‘हा मेसेज डिलीट केला आहे’, ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी खालपर्यंत माळ. सेक्रेटरींनी रात्रीच ठेकेदाराला फोन लावला. सोमवारी विषय निघाला तो ‘बदली का येत नाही आणि जास्तीच्या पाळ्यांचे पैसे कुणाच्या खिशात जातात’ असा. ठेकेदाराने हजेरीचं पुस्तक आणायला आठ दिवस लावले, त्यावरून कमिटीला काय समजायचं ते समजलं. वॉचमन अजून आमच्याच दारावर आहे आणि रात्री दहाला त्याचा बदली येतो. चेअरमनसाहेबांनी सूचना पुसली नाही. त्यांना पुसता येत नाही असं ते म्हणाले.

आता प्रश्न परीक्षकांचा. आम्ही तिघे. बाकीच्या दोघांचं म्हणणं, नियमात ‘विनोदी ओळ’ आहे, ही ओळ विनोदी नाही, सबब बाद. तासभर वाद झाला. मी म्हटलं, फोटो पुन्हा बघा. आधी नजर कुठे जात होती? उघड्या तोंडाकडे. ही ओळ वाचल्यावर कुठे जाते? ‘२४ तास’ या शब्दांकडे. भिंतीवरची ती बढाई आपण रंगवलीय आणि ती पाळायला एकच माणूस ठेवलाय, हा विनोद नाही तर काय आहे? फक्त तो आपल्यावर आहे. ९० ओळींनी फोटो होता तिथेच ठेवला. हिने तो फिरवून आपल्याकडे तोंड करून ठेवला. शिवाय फिरवाफिरवीच्या कसोटीला ती उतरते. (टँकरखाली थोडीशी बसते, हे दुसऱ्या परीक्षकांनी ताबडतोब दाखवून दिलं. मी मान्य केलं. पण धरणाखाली नाही बसत.) दोन विरुद्ध एक अशी शेवटी डबा सिस्टरांना द्यायची मंजुरी मिळाली. त्यांनी तो तिथल्या तिथे वॉचमनला देऊन टाकला, आणि जाता जाता आम्हांला सांगितलं की झाकण बसत नाही.

त्या वर्षापासून एक नियम वाढला आहे. जो स्पर्धेत ओळ पाठवू शकत नाही त्याचा फोटो द्यायचा नाही. सेक्रेटरींची कुरकुर आहे की मग फोटोच मिळत नाहीत. सभासद स्वतःचे देतात ते लग्नातले, आणि त्यांच्याखाली पुन्हा बायकोवरच्याच ओळी येतात. निदान तिथे त्या जागच्या जागी तरी असतात.

दुसरी स्पर्धा ‘फोटोची करामत’. इथे फोटोत हवा तो फेरफार करायची मुभा. लोक म्हणतात हल्ली फोटोवर विश्वास राहिला नाही. तो आधी कधी होता? १८५७ साली ऑस्कर रेलँडर नावाच्या गृहस्थाने तीसेक निगेटिव्ह जोडून एक भव्य प्रसंग उभा केला होता. आपल्याकडे तर फोटो म्हणजे स्टुडिओवाल्याची कलाच. जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसून फोटो काढलेली माणसं प्रत्येक घराण्यात निघतील. आजोबांचा एकट्याचा फोटो नसला की कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून चेहरा काढून घ्यायचा, त्याला कोट आणि टोपी रंगवायची आणि हार घालून भिंतीवर लावायचं. आमच्या गावी तीन वेगवेगळ्या घरांत तीन आजोबा एकाच कोटात आहेत. हयातीत तिघांचं पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं.

१९९० साली थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप बाजारात आलं आणि ही कला स्टुडिओतून घरात आली. आता तर चहा निवेपर्यंत नातू बोटाने करून देतो. त्यामुळे झालंय काय, की करामत सोपी झाली आणि काय करावं ते सुचणं होतं तेवढंच अवघड राहिलं. ‘आपली सोसायटी, जशी हवी तशी’ हा विषय दिला, तर १४ पैकी सात जणांनी इमारतीमागे आल्प्स उभा केला. तोच तो एक आल्प्स, एकाच बाजूने. पुढे दोरीवर वाळत घातलेले पायजमे तसेच. आणि सूर्य? इमारतीची सावली डावीकडे, डोंगराची उजवीकडे. म्हणजे आमच्या वॉर्डात दोन सूर्य. सावली ही या कलेतली मात्रा-वेलांटी आहे, आणि शुद्धलेखनाची पंचाईत जशी मराठीत तशी इथेही.

मला आवडली ती एकच करामत. एकाने गेटवर लोंबणाऱ्या केबलच्या वायरी काढून टाकल्या होत्या. बाकी काही नाही. निम्म्या लोकांना फरक कळला नाही, ते म्हणाले ‘गेट नेहमीपेक्षा बरं दिसतंय, रंग दिला का?’

उलट नवव्या नंबरच्या गृहस्थांनी सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी ग्रुप फोटोवर हात चालवला होता. त्यांचं दहा नंबरशी पार्किंगवरून वाकडं आहे. फोटोत दहा नंबर गायब आणि त्यांच्या जागी तुळशीची कुंडी! ही परंपरा मात्र भयंकर आहे. मॉस्कोच्या कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारी उभा असलेला येझोव्ह पुढे मर्जीतून उतरला, १९४० साली गोळी घालून मारला गेला, आणि त्याच फोटोत त्याच्या जागी कालव्याचं पाणी आलं. आम्ही प्रवेशिका बाद केली आणि मूळ फोटो कमिटीच्या कपाटात कुलपात ठेवला. दहा नंबरांचं वेगळंच दुःख होतं. ते म्हणाले, निदान मोगरा तरी ठेवायचा.

परीक्षकांचे खरे हाल व्हायला लागले ते यंत्र स्वतःच चित्रं काढू लागल्यापासून. २०२३ साली सोनीच्या जागतिक फोटो स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने मिळालेलं पारितोषिक नाकारलं, कारण फोटो त्याने काढलेलाच नव्हता, एआयने बनवला होता. २०२४ साली त्याच्या उलट झालं. माइल्स अ‍ॅस्ट्रे याने ‘१८३९ अवॉर्ड्स’ या स्पर्धेत एआयच्या विभागात एका फ्लेमिंगोचा फोटो पाठवला. पक्षी मान खाली घालून पोट खाजवत असल्यामुळे बिनडोक्याचा दिसत होता. परीक्षकांनी बक्षीस दिलं, लोकांनी मतं दिली, आणि मग त्याने जाहीर केलं की पक्षी खरा आहे आणि फोटोही खरा. त्याला बाद करण्यात आलं. खरेपणाच्या कारणावरून!

हे मी वाचून हसलो होतो. पुढच्याच गणपतीत चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी फोटो पाठवला. मोरीतला नळ, खाली काठोकाठ भरलेली बादली, वर करंगळीएवढी जाड धार आणि मागे भिंतीवर घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं. आमच्याकडे पाणी साडेसातला जातं. ‘जशी हवी तशी’ या विषयाला यापेक्षा नेमकं उत्तर असूच शकत नव्हतं. आम्ही तिघांनी एकमताने पहिलं बक्षीस दिलं. शेऱ्यात मी लिहिलं, ‘धारेचा भास विलक्षण. बादलीवरची सावली निर्दोष.’

बक्षीस समारंभात गृहस्थ उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, यात एक टिंबही बदललेलं नाही, मी फोटो एडिट करत नाही, मी फोटो काढतो. नियमाप्रमाणे करामत नाही म्हणून बक्षीस परत घेतलं. पण सभेला तो फोटो खरा वाटेना. तेव्हा शहानिशा करायला मंगळवारी सकाळी अकराला आम्ही तिघे परीक्षक आणि तळमजल्यावरचे निवृत्त प्लंबिंग इन्स्पेक्टर त्यांच्या मोरीत उभे राहिलो. नळ सोडला. करंगळीएवढी धार. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इन्स्पेक्टर मात्र पाइपाकडे पाहत होते. पाहत पाहत ते खिडकीबाहेर वाकले, मग जिना चढून गच्चीवर गेले, आणि टाकीच्या कॉकच्या अलीकडून निघालेल्या एका स्वतंत्र लाइनीचा फोटो काढून खाली आले.

गृहस्थांना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र आणि कमिटीची नोटीस एकाच पाकिटातून गेली. त्यांचं लेखी उत्तर आलंय. पाइपाचा फोटो एडिट केलेला आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.